पाणमांजराशी मराठीत बोलू नये

केंद्रात प्राण्यांचे अन्न कापण्याची एक खोली होती. तिच्या भिंतीवर अकरा नियम लावलेले होते आणि पहिल्याच दिवशी ते मी वहीत उतरवून घेतले. सदतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला यादी दिसली की त्याचा हात आपोआप वहीकडे जातो. सातवा नियम असा होता : पिल्लांशी बोलू नये, त्यांच्यासमोर आपसातही बोलू नये. या नियमाखाली मी तांबड्या शाईने रेघ मारली. वही आजही माझ्याकडे आहे. रेघ पट्टी लावून मारलेली, सरळ आहे. तेव्हा नियम मला समजला नव्हता, अशी सबब मला सांगता येणार नाही.

मी तिथे कसा पोचलो, ते आधी सांगतो. आमचे गाव खानापूर तालुक्यात, गुंजी स्टेशनपासून पायी अर्ध्या तासावर. घरची भातशेती धाकटा भाऊ बघतो. मी तालुक्यातल्याच एका मराठी हायस्कुलात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर बेळगावात राहायला आलो. आमची लेक ब्रिटनच्या उत्तरेला एका लहान गावात राहते आणि तिथल्या दवाखान्यात काम करते. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी चार महिन्यांसाठी तिच्याकडे गेलो. पत्नीला परक्या घरातही दोन दिवसांत काम सापडते. मला सापडले नाही. मी खिडकीत बसून पावसाची मोजदाद करू लागलो, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, पलीकडच्या रस्त्याला जखमी जनावरांचं एक केंद्र आहे. तिथं माणसं फुकट काम करायला जातात. तुम्ही जाताय काय?"

"मला पट्टी बांधता येत नाही," मी म्हणालो.

"पट्टी बांधायला डॉक्टर असतात. तुम्ही वजनं करा. तुमच्याइतकं नीट वजन कोण करणार?"

पाहुणा म्हणून त्या देशात गेलेल्या माणसाला नोंदणी झालेल्या सेवाभावी संस्थेत एक महिना असे काम करता येते, त्याहून अधिक नाही. हे मी आधी वाचून खात्री करून घेतले. मग अर्ज भरला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला रुजू झालो.

पहिला आठवडा मी टॉवेल धुतले आणि साळूसारख्या काट्यांच्या पण मुठीएवढ्या प्राण्यांच्या ताटल्या घासल्या. दुसऱ्या आठवड्यात केंद्रप्रमुख बाईंनी मला बोलावले. वयाने पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या बाई. माझी वजनांची वही त्यांनी उलटून पाहिली होती. "तुम्ही शांत माणूस आहात," त्या म्हणाल्या. "पाणमांजराचं पिल्लू तुमच्याकडे देते."

पाणमांजर म्हणजे काय, हे आमच्या भागात मुद्दाम सांगावे लागत नाही. मलप्रभेच्या वरच्या अंगाला ती आहेत. जाळे फाडतात म्हणून मासे धरणारे त्यांना शिव्या घालतात. पण मी आयुष्यात एकदाच, तेही लांबून, एक पाहिले होते. इथले हे पिल्लू मादी होते, चारेक महिन्यांचे. आई रस्त्यावर गाडीखाली मेली आणि पिल्लू कडेच्या चरात ओरडताना कुणाला तरी सापडले. पाणमांजराची आई पिल्लांना जवळजवळ वर्षभर सोबत ठेवून शिकवते. ते शिक्षण आता केंद्राने द्यायचे होते, आणि तेही न दिसता. पिल्लाच्या कुंपणाला सगळीकडून हिरवे कापड लावलेले होते. आत एक लहान तळे, लाकडी पेटी आणि दगड. मी मासे कापायचे, ग्रॅममध्ये तोलायचे, खालच्या झडपेतून ताटली आत सारायची आणि निघून यायचे. सकाळी एकदा, दुपारी एकदा.

पहिल्या दिवशी मी तसेच केले. आतून शीळ आली. बारीक, लांबट, शेवटी वर जाणारी. ती आईला हाक होती, हे मला आधी सांगून ठेवले होते. पुन्हा शीळ आली. ताटलीला तिने तोंड लावले नाही. दुसऱ्या दिवशीही अर्धे मासे तसेच परत आले. मी आकडा वहीत लिहिला.

आमच्या घरी एक रीत आहे. मुक्याने कुणाला खायला घालायचे नाही. जेवणाऱ्या माणसाला तर नाहीच, पण गोठ्यातल्या जनावरालाही नाही. माझी आई वैरण टाकताना म्हशीशी बोलायची, कोंबड्यांना दाणे टाकताना कोंबड्यांशी बोलायची. "मुक्यानं टाकलेला घास अंगी लागत न्हाय," असे ती म्हणायची. मुक्याने वाढणे म्हणजे टाकणे, आणि टाकलेले अन्न कुत्रेही मान वर करून खात नाही. मी विज्ञानाचा शिक्षक. ही समजूत मी कधी कुणाला शिकवली नाही, पण मोडलीही नव्हती.

तिसऱ्या दिवशी ताटली सारताना मी कापडाशी वाकलो आणि अगदी हळू म्हणालो, "खा गं बाई, खा. कुणी न्हाय. सावकाश."

शीळ थांबली. थोड्या वेळाने मासा चावल्याचा आवाज आला.

त्या दिवशी ताटली रिकामी परत आली. पुढचे सतरा दिवस ती रिकामीच परत येत राहिली. माझ्या वहीत वजनाची रेघ वर चढत गेली आणि बाई मला म्हणाल्या, "तुमचा हात चांगला आहे."

आता ही चूक कशी झाली, ते मला नीट मांडले पाहिजे, कारण ती विसराळूपणाची चूक नव्हती. सातवा नियम मला रोज आठवत होता. आमच्या सीमेच्या भागात माणूस दिवसभर दोन-तीन भाषांमधून ये-जा करतो. कचेरीतला अर्ज कन्नडमध्ये, बँकेतला इंग्रजीत, बाजारात मिळेल ती, आणि घरी मराठी. त्यातून मनात नकळत एक समज बसतो : जे अधिकृत ते दुसऱ्या भाषेत असते, आणि मराठीत जे बोलतो ते आपले घरचे, त्याची कुठे नोंद होत नाही. भिंतीवरचा नियम इंग्रजीत होता. तो मी इंग्रजीत पाळत होतो. त्याहून पुढे जाऊन मी असेही ठरवले होते की हे पिल्लू ज्या नदीत जायचे आहे तिच्या काठावर "खा गं बाई" म्हणणारे कुणी नाही. तेव्हा हिला माणसाची सवय लागली तरी ती इथल्या माणसाची लागणार नाही. आज हे लिहिताना मला माझ्या बुद्धीची लाज वाटते. तेव्हा तो तर्क मला स्वच्छ वाटला होता.

चौथ्या आठवड्यात चाचणी झाली. पिल्लाने कधी न पाहिलेला एक माणूस मोठ्याने बोलत कुंपणात शिरतो आणि पिल्लू काय करते ते पाहतात. पिल्लाने पळायला हवे. ते पळाले नाही. ते पाण्यातून बाहेर आले, त्या माणसाच्या बुटाशी गेले आणि शीळ घालून वर पाहू लागले.

बाईंनी आम्हा पाच स्वयंसेवकांना त्याच खोलीत, त्याच यादीखाली उभे केले. "कुणी तिच्याशी बोलत होतं का?"

आमच्यात एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांना काम करताना गुणगुणायची सवय होती. सगळ्यांनी एकेकदा त्यांच्याकडे पाहिले. ते तांबडे होऊन म्हणाले, "मी दारातच तोंड मिटतो. शपथ घेतो." बाई म्हणाल्या, "शपथ नको."

मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर पोस्टमन टॉवेल धुण्याच्या खोलीत होते. त्यांना पिंजऱ्यांच्या बाजूला न जाण्यास सांगितले होते. माझ्याकडे पाहून ते हसले आणि म्हणाले, "चला, निदान इथे गुणगुणता येतं." मी तसाच बाईंच्या खोलीत गेलो.

"मी बोलत होतो," मी म्हणालो. "पण इंग्रजीत नाही."

"मग कशात?"

"मराठीत."

त्यांनी चष्मा काढला. "तिला मराठी येत नाही, असं तुम्हाला वाटलं?"

"हो."

"आता येते," त्या म्हणाल्या.

त्या ओरडल्या नाहीत. पोस्टमनना बोलावून त्यांनी माझ्यासमोर त्यांची माफी मागितली. मीही मागितली. मग त्यांनी मला समोर बसवून, मी वर्गात सांगायचो तसे, टप्प्याटप्प्याने सांगितले. माणसाला न भिणारे पाणमांजर नदीत सोडता येत नाही. ते गळ टाकून बसलेल्या माणसाकडे जाते, कुत्र्याकडे जाते, एखाद्या अंगणात जाऊन मुलाला चावते. मग ते मरते किंवा मारले जाते. म्हणून तसे पाणमांजर जन्मभर कुंपणात ठेवतात. पुढच्या वसंतात तिची शेवटची परीक्षा होईल आणि तोवर तिने विसरायला हवे. "विसरेल का?" मी विचारले. "काही विसरतात," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज तिला घास आणतो. घास कोण विसरतं?"

हे मला ठाऊक असायला हवे होते, असे म्हणण्याला कारण आहे. मी शाळेत असताना वडिलांनी बैलहोंगलच्या बाजूच्या बाजारातून एक बैल आणला होता. तो मराठीला हलत नसे. "चल" म्हटले की उभा, "थांब" म्हटले की कान हलवी. शेवटी शेजारच्या कन्नड गड्याने "बा, बा", म्हणजे ये, ये, असे म्हटले आणि तो गुमान चालू लागला. वडील त्या बैलाशी तो मरेपर्यंत कन्नडमध्ये आणि त्याच्या जोडीदाराशी मराठीत बोलले. एका जोखडाला दोन भाषा. जनावर भाषा शिकते, याचा पुरावा मी रोज सकाळी पाहत मोठा झालो. तरी परदेशात जाऊन मी माझी भाषा अदृश्य धरली.

माझा महिना चार दिवसांनी संपला. ते चार दिवस मी टॉवेल धुतले. निघताना पिल्लाची शीळ वाऱ्यावर ऐकू आली. ती सगळ्यांसाठी होती की माझ्यासाठी, ते मला सांगता येत नाही, आणि थांबून पाहण्याची मला परवानगी नव्हती.

जानेवारीच्या अखेरीस आम्ही बेळगावात परतलो होतो. लेकीच्या मार्फत बाईंचा निरोप आला. पिल्लू वाढले होते, मासे स्वतः धरू लागले होते, पण माणसाचा आवाज आला की अजून कडेला येत होते. त्यांना एक उपाय करून पाहायचा होता. मी जे शब्द जसे बोललो, ते तसेच, त्याच सुरात ध्वनिमुद्रित करून पाठवावेत. ते कुंपणात लावायचे आणि त्याच वेळी पत्र्याची झाकणे बडवायची, पाण्याचा फवारा मारायचा. हा आवाज आला की काहीतरी वाईट होते, एवढे तिला शिकवायचे. बाईंनी शेवटी लिहिले होते : हे तुम्हाला कठीण जाईल याची मला कल्पना आहे. पण ती ज्यावर विश्वास ठेवते तो आवाज तुमचाच आहे.

मी एका कागदावर वाक्ये लिहून काढली, क्रम लावला, विरामचिन्हे दिली. पत्नीने मोबाइल धरला. मी वाचले.

ती मोबाइल खाली करून म्हणाली, "इन्स्पेक्टर आल्यावर धडा वाचल्यागत वाचलासा."

पुन्हा वाचले.

"आता प्रार्थना झाल्यागत."

तिसऱ्या वेळी कुकरची शिट्टी झाली. चौथ्या वेळी खाली पालेभाजी विकणारी कन्नड बाई ओरडत आली, "बा अक्का, सोप्पु, ताजा सोप्पु!" पाचव्या वेळी कसला आवाज आला नाही, पण माझा सूरच चढला. पत्नी हसू लागली. "त्या पिल्लापाशी असंच बोलत हुतासा? मग त्यानं मासं कसं खाल्लं? भ्यालं असतं की."

"तू समोर आहेस म्हणून होत नाही."

"मी समोर चाळीस वरसं हाय. कधी म्हणून 'सावकाश खा' ऐकलं न्हाय मी. 'मीठ जास्ती झालंय' तेवढं ऐकलंय."

ती खोटे बोलत नव्हती.

दोन दिवसांनी आम्ही गावी गेलो. मी ठरवले की खायला घालताना जो आवाज येतो तो खायला घालतानाच येईल, कागदावरून येणार नाही. भावाच्या गोठ्यात म्हशीची एक लहान रेडी होती, नुकती गवताला तोंड लावू लागलेली. सकाळी मी तिच्यापुढे मऊ गवताची पेंडी धरली आणि पत्नी दाराआड मोबाइल घेऊन उभी राहिली.

भाऊ धार काढून बाहेर येत होता. "अण्णा, काय करायलाईस हे? परदेशाला म्हशीचा फोटो पाठवायलाईस व्हय?"

"गप रं जरा."

"न्हाय, पाठवायचाच झाला तर तिच्या आईचा पाठव की. दूध तर ती देतीय."

पत्नीने त्याला हाताने बाजूला केले. मी रेडीच्या कपाळावर हात ठेवला. तिची खरखरीत जीभ माझ्या बोटांवरून फिरली. "खा गं बाई, खा," मी म्हणालो. "कुणी न्हाय. सावकाश." आवाज आला. तोच आवाज, मला ओळखता आला. त्याचे तिथे काय करणार आहेत, हे मला ठाऊक होते आणि रेडीला ठाऊक नव्हते. ती गवत ओढत होती. मी तीन वेळा म्हणालो आणि थांबलो. भावाने चरवी उचलली आणि तो आत गेला.

ध्वनिफीत मी त्याच दिवशी पाठवली. पुढचे तीन आठवडे बाईंकडून छोटे व्हिडिओ येत राहिले. पहिल्या व्हिडिओत माझा आवाज सुरू झाला आणि पिल्लू धावत ध्वनिवर्धकाच्या खोक्याशी आले, पुढचे दोन पाय त्यावर ठेवून शीळ घालू लागले. मग झाकणे वाजली. ते दचकले, पाण्यात गेले, आणि थोड्याच वेळात पुन्हा आले. मी पुढचा व्हिडिओ लगेच पाहिला नाही. पत्नीने पाहिला आणि मला एवढेच सांगितले, "परत आलं."

दहाव्या दिवशी मात्र झाकणे वाजायच्या आधीच पिल्लू पाण्यात गेले. बाराव्या, पंधराव्या दिवशीही तसेच. लेकीने फोनवर सांगितले, "बाबा, झालं बहुतेक." मला वाईट वाटले आणि बरेही वाटले. दोन्हीपैकी कुठले खरे, ते ठरवण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

मग बाईंचा प्रश्न आला : तुमच्या ध्वनिफितीच्या सुरुवातीला एक आवाज आहे, खोल, नाकातून सोडल्यासारखा. तो कसला?

तो रेडीच्या आईचा फुत्कार होता. माझे पहिले "खा" येण्याआधी दोन सेकंद ती दाव्याला फुरफुरली होती. आम्हाला तो ऐकूही आला नव्हता. आमच्या कानाला गोठा म्हणजे तेच. बाईंनी मग तो तुकडा कापून उरलेली फीत लावून पाहिली. पिल्लू पाण्यात गेले नाही. खोक्याशी येऊन बसले.

वर्गात मी हा प्रयोग दरवर्षी फळ्यावर काढत असे. दोन खुणा एकामागून एक आल्या तर प्राणी पहिलीला धरून बसतो. दुसरीची त्याला गरज उरत नाही. म्हणून प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व सारखे ठेवावे. मुले हे वाक्य पाठ करत आणि परीक्षेत लिहीत. पंधरा दिवस झाकणे बडवून ब्रिटनमधले एक पाणमांजर खानापूर तालुक्यातल्या म्हशीला भिऊ लागले होते. त्या देशाच्या नदीवर त्याला म्हैस भेटणार नव्हती. आणि फीत उशिरा सुरू करून भागत नव्हते, कारण मागे सतत दावे, घंटा आणि रवंथ होते. बाईंना स्वच्छ आवाज हवा होता. परीक्षेला सात आठवडे उरले होते.

मी बेळगावच्या घरात पुन्हा कागद घेऊन बसलो. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. आवाज येत नव्हता. दोन दिवस मी खोलीतल्या खोलीत भिंतीला, उशीला, रिकाम्या ताटलीला "खा गं बाई" म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी पत्नी आत आली. तिने पाटावर ताट ठेवले, समोर बसली आणि मोबाइल चालू करून ताटाच्या कडेला टेकवला.

"वाढा," ती म्हणाली.

"काय?"

"भात वाढा मला. मी बोलणार न्हाय. चमच्याचा आवाज पण करणार न्हाय."

मी भात वाढला. वर आमटी घातली. ती खाली मान घालून हाताने कालवू लागली. बोटांचा आवाजसुद्धा होऊ देत नव्हती. चाळीस वर्षांत मी तिला इतके जवळून जेवताना पाहिले नव्हते. ती नेहमी मागून जेवते.

"खा गं बाई," मी म्हणालो. "खा. कुणी न्हाय. सावकाश."

तिने घास घेतला. मी आणखी दोनदा म्हणालो. तिसऱ्या वेळी ती हातातला घास तसाच धरून बसली होती. मग तिने डाव्या हाताने मोबाइल बंद केला.

"आलं काय बराबर?"

"आलं."

"मग पाठवा."

मी मोबाइल हातात घेऊन बसलो. हे शब्द या वेळी कुणाला म्हटले होते, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होते, आणि आता त्यांच्यावर झाकणे वाजणार होती. माझा अंगठा पुढे जाईना. तिने ताट सरकवले, माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि तो आवाज लेकीला पाठवून दिला. "त्या पोराला नदीत जायचं हाय," ती म्हणाली. "मला कुठं जायचंय?"

नव्या फितीवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. खोक्याशी येणे, शीळ, झाकणे, फवारा. मी सगळे व्हिडिओ पाहिले. पाहण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हते, आणि निदान तेवढे टाळू नये असे मला वाटले. सोळाव्या दिवशी पिल्लू थबकले आणि आडव्या अंगाने पाण्याकडे सरकले. विसाव्या दिवशी पहिल्या "खा"ला ते सरळ पाण्यात गेले. पाणी हलत राहिले आणि वर माझा आवाज कुणी नाही, सावकाश, असे सांगत राहिला.

परीक्षा एप्रिलमध्ये झाली. अनोळखी माणूस मोठ्याने बोलत आत शिरला. तो अर्थात इंग्रजीत बोलला. बाईंनी सविस्तर लिहिले. पिल्लू बुटाशी आले नाही, ही चांगली गोष्ट. ते पळाले, हीही चांगली गोष्ट. पण पळण्याआधी थोडा वेळ थांबून पाहत राहिले, ही काळजीची गोष्ट. म्हणून सोडण्याचा निर्णय तूर्त घेतलेला नाही. उन्हाळा संपताना पुन्हा परीक्षा होईल. त्यातही असेच झाले तर एका मोठ्या कुंपणाची व्यवस्था बघावी लागेल. माझ्याकडून आता आणखी काही नको होते. माझ्या आवाजाचे काम संपले होते.

थोडा वेळ म्हणजे किती, असे मी विचारले. अशा शब्दांनी मोजमाप होत नाही. बाईंचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले : सहा सेकंद.

संध्याकाळी मी फाटकाशी घड्याळ घेऊन उभा राहिलो. समोरच्या घराच्या पायरीवर त्यांचे कुत्रे झोपलेले असते. मी चुटकी वाजवली आणि सेकंद मोजू लागलो. चारला ते आमच्या फाटकाशी आले होते. पाचला त्याने दोन पाय फाटकावर टाकले होते.

"काय करायलाईसा?" पत्नीने आतून विचारले.

सहा सेकंदांत कुत्रे त्या पिल्लापर्यंत पोचेल का ते पाहतोय, असे मी सांगितले.

ती बाहेर आली, कुत्र्याकडे पाहिले, माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिले. "ते तुम्हाला ओळखतंय," ती म्हणाली. "ओळख नसलेलं कुत्रं घ्या आणि परत मोजा."

मी रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो. तिथल्या कुत्र्याला पाच सेकंद लागले.